क्रुपच्या आधीचं एसेन

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला आणि दोन दिवसांत आणखी तीन ग्रुपांवर तोच दिसला. मथितार्थ असा : जर्मनीतलं एसेन हे कुणाच्या खिजगणतीत नसलेलं खेडं. आल्फ्रेड क्रुप नावाच्या चौदा वर्षांच्या पोरानं तिथं शून्यातून पोलादाचा कारखाना काढला आणि शहर वसवलं. कंपनीच्या चिन्हातली तीन वर्तुळं म्हणजे तोफांची तोंडं. महायुद्धात शत्रूनं शहर बेचिराख केलं, पण शिस्तीच्या जोरावर ते पुन्हा उठलं आणि खाणी बंद पडल्यावर तर हिरवंगार झालं. शेवटी नेहमीचं : ‘आणि आपण?’

आमच्या लिफ्टवर याच घराण्याचं नाव असल्यामुळे मेसेजला जरा जास्तच दाद मिळाली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, खेड्याचा. इ. स. ८४५च्या सुमारास आल्टफ्रिड नावाच्या सरदारपुत्रानं (तो पुढे हिल्डेसहाइमचा बिशप झाला) एसेनला बायकांचा मठ स्थापन केला. मठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं तसा हा नव्हता. इथं उच्चकुलीन घरांतल्या मुली राहत, त्यांना स्वतःची मालमत्ता ठेवता येई, लग्न करून बाहेरही पडता येई. मठप्रमुख बाई आसपासच्या मुलखावर राज्य करी आणि तेराव्या शतकापासून तिला पवित्र रोमन साम्राज्यात संस्थानिकाचा दर्जा होता. सम्राट पहिल्या ओटोची नात माटिल्डे हिच्या काळात, म्हणजे ९८०च्या आसपास, इथली सुवर्ण मॅडोना घडली. जेमतेम पाऊण मीटर उंचीची बसलेली मूर्ती. आतून पॉप्लरचं लाकूड, वरून सोन्याचा पातळ पत्रा, मांडीवर बाळ आणि उजव्या हाताच्या बोटांत धरलेला एक गोळा. चारही बाजूंनी कोरलेली मेरीची याहून जुनी मूर्ती जगात माहीत नाही. ती आजही एसेनच्याच कॅथेड्रलमध्ये आहे.

१०४१मध्ये जर्मन राजानं इथं बाजार भरवायची परवानगी दिली. १२४४मध्ये तटबंदीचा करार झाला. पुढे शहरातले व्यापारी आणि मठातल्या बाई यांच्यात ‘मालक कोण’ यावरून कित्येक शतकं कोर्टबाजी चालली. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या दाव्यांनाही लाजवेल अशी. बायकांचं हे राज्य संपलं १८०३मध्ये, प्रशियानं मुलूख गिळल्यावर. साडेनऊशे वर्षं! मेसेजात त्याला एक ओळही मिळू नये?

तोफा-बंदुकांचंही तेच. क्रुपचा कारखाना निघण्याआधी दोनशे वर्षं एसेन बंदुका विकत होतं. १६२०च्या सुमारास इथले कारागीर वर्षाला चौदा हजारांवर बंदुका आणि पिस्तुलं तयार करत. कोळसा तर चौदाव्या शतकापासून खणला जाई, कारण दक्षिणेला रूर नदीच्या काठी त्याचे थर जमिनीच्या वरच येतात. उत्तरेकडे ते खोल जातात, त्यांच्यावर मार्ल नावाचा चुनखडीचा मातकट थर बसतो आणि खणायला गेलं की पाणी भरतं. ते उपसायला वाफेचं इंजिन हवं. अशी इंजिनं एसेनमध्ये फ्रान्झ डिनेनडाल नावाच्या मूळच्या सुतारानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बनवली. तेव्हा आल्फ्रेडचा जन्मही झाला नव्हता.

एक मात्र मान्य. १८०३चं एसेन चारेक हजार वस्तीचं, मरगळलेलं गाव होतं आणि १८९६मध्ये त्यानं लाखाचा आकडा ओलांडला. त्या वाढीत क्रुपचा वाटा फार मोठा आहे. पण ‘लहान गाव’ आणि ‘काहीच नव्हतं’ यांत फरक असतो.

दुसरा मुद्दा, ‘शून्यातून’. क्रुप घराण्याचं नाव एसेनच्या व्यापारी संघाच्या वहीत १५८७पासून आहे. आल्फ्रेडची पणजी हेलेन अमाली विधवा झाल्यावर दुकान, पैसा आणि जमीनजुमला सांभाळून होती. थकलेल्या कर्जापोटी तिनं एक लोखंडाचा कारखाना ताब्यात घेतला, नातू फ्रिडरिशला तिथं बसवला आणि त्याचे प्रताप बघून १८०८मध्ये विकूनही टाकला. याच फ्रिडरिशनं १८११मध्ये ओतीव पोलादाचा कारखाना काढला, वाडवडिलांचा पैसा त्यात घातला आणि १८२६मध्ये तो कर्ज मागे ठेवून वारला. मुलगा आल्फ्रेड चौदा वर्षांचा होता, कामगार सातच होते, हे खरं. पण कारखाना चालू ठेवायचा निर्णय त्याच्या आईचा, तेरेझेचा होता. आणि ओतीव पोलादाची विद्या आधी शेफील्डची. ती बघायला आल्फ्रेड पुढे नाव बदलून इंग्लंडला जाऊन आला. मेहनत अफाट होती, नाही कोण म्हणतो? पण मेसेजातून पणजी आणि आई दोघीही गळाल्या, याला मी विसरभोळेपणा म्हणणार नाही.

तिसरा : तीन वर्तुळं. हा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. ती रेल्वेच्या चाकांवर चढवायच्या, बिनजोड पोलादी धावा आहेत. आल्फ्रेडनं त्या १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला काढल्या आणि तोफांच्या आधी कंपनीचं नशीब उघडलं ते त्यांनी.

त्याला जोडूनच ‘शहर म्हणजे क्रुप’ हे समीकरण. एसेनमधली सर्वांत नावाजलेली खाण, त्सोलफेराइन, क्रुपनं काढलीच नाही. ती १८४७मध्ये फ्रान्झ हानिएलनं सुरू केली. खाली उतरणारे हात होते पूर्वेकडून, पोलिश मुलखातून आणि मसुरियातून आलेल्यांचे.

आता महायुद्ध, आणि इथं मेसेज सर्वांत जास्त खटकतो. ‘शत्रूनं बेचिराख केलं’, बरोबर. ५ मार्च १९४३ची रात्र आणि ११ मार्च १९४५चा दिवस, हे दोन हल्ले भीषण होते. शेवटच्यात हजारावर विमानं होती. पण त्या बॉम्बखाली क्रुपच्या कारखान्यात राबत कोण होतं? पकडून आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि १९४४मध्ये बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीच्या यादीवरून आणलेल्या ५२० ज्यू मुली-बायका, बहुतेक हंगेरीच्या. त्यांचा तळ हुम्बोल्टश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर होता. बॉम्बहल्ल्यात बराकी गेल्यावर त्यांना तळघरात झोपवलं जाई आणि ट्राम बंद पडल्या की थंडीत कारखान्यापर्यंत पायी नेलं जाई. आल्फ्रेडचा पणतू आल्फ्रीड याला न्युरेंबर्गला १९४८मध्ये लूट आणि गुलाममजुरी या गुन्ह्यांसाठी १२ वर्षांची शिक्षा आणि मालमत्ता जप्तीचा हुकूम झाला. १९५१मध्ये अमेरिकी उच्चायुक्त मॅक्लॉय यांनी त्याला सोडलं आणि मालमत्ताही परत दिली. शीतयुद्धात पोलाद हवं होतं. शहर ‘पुन्हा उठलं’ त्यात शिस्तीचा भाग असेल, पण हा निर्णयही धरा. त्यानंतर काही वर्षांतच आपल्या रूरकेला पोलाद प्रकल्पासाठी जर्मन कंपन्यांचा जो गट आला, त्यात क्रुप होतीच.

उरला हिरवेपणा. त्सोलफेराइन २३ डिसेंबर १९८६ला बंद झाली, २००१मध्ये जागतिक वारसा ठरली आणि २०१७मध्ये एसेन युरोपची हरित राजधानी झालं. सगळं खरं. फक्त किंमत लिहायची राहिली. शहराच्या उत्तरेकडून एम्शर नदी वाहते. कोळसा काढून काढून वरची जमीन खचत गेली, काही भागांत २० मीटरपेक्षा जास्त. अशा जमिनीत सांडपाण्याचे नळ टाकले तर फुटणारच, म्हणून शंभर वर्षं सगळ्या भागाचं सांडपाणी उघड्या एम्शरमधून वाहत होतं. १९९२मध्ये ती साफ करायला घेतली. २०२१च्या अखेरीस नदीत सांडपाणी सोडणं थांबलं. तीस वर्षं आणि साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास खर्च. आणि खचलेल्या भागांत पाणी साचून तळं होऊ नये म्हणून तिथं अजूनही पंप चालू आहेत. खाणी बंद झाल्या, पंप नाही. या खर्चाला तिथं शब्द आहे, त्याचा अर्थ होतो ‘अनंतकाळचा खर्च’. तो भागवणाऱ्या प्रतिष्ठानचं ऑफिसही त्सोलफेराइनच्याच आवारात आहे.