बार्शी लाईट भंगार नव्हती

नमस्कार. बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘इंग्रजांनी गळ्यात मारलेलं भंगार, त्याचे कसले गोडवे गाता? ब्रॉडगेज आली आणि सुटलो,’ असं तुम्ही लिहिलंत. सरकारने ही गाडी चालवणारी कंपनी १९५१ मध्ये नाही, १९५४ मध्ये विकत घेतली, ही माझी चूकही दाखवलीत. ती मान्य आहे. लेखात साल दुरुस्त केलंय.

‘भंगार’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. मोठी रेल्वे बार्शीला बाजूला ठेवून गेली होती. एवढी मोठी पेठ, पण माल बैलगाडीने कुर्डुवाडीपर्यंत न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होता. बार्शीच्या गाडीचा ध्यास त्याने कित्येक वर्षं धरला आणि १८९७ मध्ये ती सुरू झाली. अडीच फुटी रूळ, वजन यार्डाला अवघं ३० पौंड. एवढ्या हलक्या रुळावर भरपूर माल कसा न्यायचा? इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही एक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावर, ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. म्हणून इंजिनाला एकमेकांना जोडलेली आठ चाकं दिली आणि वाघिणी लांब, बोगीवाल्या केल्या. ही गाडी इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ खास रूळ टाकून तिची चाचणी घेतली होती. पुढे त्याच माणसाने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला याच धर्तीवर गाडी काढली. म्हणजे नमुना बार्शीचा आणि तो गेला विलायतेला! ज्यांना हे भंगार वाटतं त्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

१९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. वारीच्या दिवसांत डबे पुरायचे नाहीत, तेव्हा मालाच्या वाघिणींतूनही वारकरी जात.

गाडी हळू होती, हे तुमचं खरं. पण तिचं खरं दुखणं मला वेगापेक्षा कुर्डुवाडीत दिसतं. तिथे प्रत्येक पोतं छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवायचं. वेळ जायचा, मजुरी जायची, माल सांडायचा. ट्रक थेट दारातून माल उचलू लागल्यावर ही गाडी कशी टिकणार होती? म्हणून ब्रॉडगेज व्हायलाच हवी होती. उशीर झाला, एवढंच मी म्हणेन. जुनी लाईन येडशीहून थेट ढोकीकडे निघून जायची. धाराशिव शहराला रेल्वे मिळाली ती ब्रॉडगेजमुळेच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला गेली, तेव्हा दहा टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेने गेली. रूळ नवे होते, पण मिरज ते लातूर ही वाट कॅलथ्रॉपच्या कंपनीनेच पाडलेली. लेखात हा भाग राहून गेला होता. तुमच्या प्रतिक्रियेमुळे आज तो जोडतो आहे.