लर्निंगचा पेपर : अनुभवी नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुम्हाला अठरावं वर्ष पूर्ण झालं आणि आता कायद्याने तुम्ही गिअरची मोटारसायकल शिकायला सुरुवात करू शकता. नववीपासून प्रतापनगरहून धरमपेठेत ट्यूशनला जी गाडी नेत होतात ते शिकणं नव्हतं, ते नुसतं चालवणं होतं. शिकायचं आता आहे. त्याआधी तुम्हाला नियम येतात का, हे सरकार लर्निंग लायसनच्या पेपरात तपासून घेणार. घाबरू नका. पेपर सोपा आहे. अडचण एकच आहे : तुम्हाला नागपुरात गाडी चालवता येते.

ज्याने आयुष्यात कधी रस्ता ओलांडला नाही तो हा पेपर आरामात काढतो. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला मात्र पंधरा-वीस मिनिटं सगळा अनुभव बाजूला ठेवावा लागतो. मेहनत लागते ती तिथे.

आधी आकडेवारी बघून घ्या. संगणकावर १५ प्रश्न येतात, त्यातले ९ बरोबर आले की पास. म्हणजे ६० टक्के. उरलेले सहा चुकले तरी चालतात, आणि ते सहा कोणते असावेत यावर कसलीही अट नाही. लाल दिवा, रेल्वे फाटक, ॲम्ब्युलन्स, झेब्रा क्रॉसिंग, दारू आणि हेल्मेट या सहाही प्रश्नांना सपशेल चुकीची उत्तरं द्या आणि बाकीचे पार्किंगचे आणि कागदपत्रांचे बरोबर सोडवा. तुम्ही पास! तेव्हा अभ्यासाचं ओझं घेऊ नका, फक्त काय सोडायचं ते नीट ठरवा.

पेपरच्या आधी एक फॉर्म असतो, तब्येतीबद्दल आपणच आपलं सांगायचं. लाल आणि हिरवा रंग वेगवेगळे ओळखता येतात का? इथे बिनधास्त 'हो' लिहा. शंकरनगर चौकात लाल दिवा तोडण्याआधी तुम्ही डावी-उजवीकडे बघून मामा कुठे उभे आहेत याचा अंदाज घेता, तो रंग ओळखता येतो म्हणूनच ना. दुसरा प्रश्न, २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? वाचता येते, पण प्लेटवर नंबर हवा. आपल्याकडे कित्येक प्लेटांवर ४१४१ इंग्रजीत असा काही वळवून लिहिलेला असतो की २५ मीटरवरून फक्त 'दादा' दिसतो. आणि हॉर्न ऐकू येतो का, असंही विचारतात. ज्याला नाही येत त्याने नागपुरात राहून सुखी व्हावं.

आता अभ्यास. चिन्हांचं गणित सोपं आहे : लाल काठाचा गोल म्हणजे मनाई, त्रिकोण म्हणजे सावधान, निळा चौकोन म्हणजे माहिती. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा. उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या, आणि ही पाटी तुम्ही पाहिलेली नसेल. असेलही म्हणा, पण तिच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. नियमांच्या पुस्तकात ती फ्लेक्सशिवाय छापली आहे, त्यामुळे गोंधळ होतो.

पिवळ्या दिव्याच्या प्रश्नावर भले भले घसरतात. पिवळा दिवा लागला की काय करावं? तुमचा हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळायला जाईल. आवरा त्याला. पुस्तकाच्या मते पिवळा म्हणजे थांबण्याच्या रेषेआधी थांबायचं, फक्त इतके जवळ आला असाल की थांबणंच धोक्याचं, तर पुढे निघायचं. नागपूरकरांनी यातला दुसरा अर्धा भाग पाठ केला आणि 'जवळ' हा शब्द जरा मोठ्या मनाने घेतला. लुकलुकणारा पिवळा म्हणजे जपून जा, लुकलुकणारा लाल म्हणजे थांबा, बघा, मग जा. मे महिन्यात भर दुपारी पारा पंचेचाळिसाकडे गेला की शहरातले काही सिग्नल बंद ठेवले जातात, लोकांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. त्यावर पेपरात प्रश्न येत नाही. आला असता तर आपण सगळे पैकीच्या पैकी घेतले असते, कारण सिग्नल बंद असल्यासारखी गाडी चालवायचा सराव आपल्याला बारा महिने आहे.

मग चौक. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हे उत्तर तोंडपाठ करा आणि कोणाला सांगू नका, लोक हसतील. प्रत्यक्षातला नियम वेगळा आणि जास्त कडक आहे : जो बघतो तो थांबतो. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे गेले की त्याला कळतं तुम्ही त्याला पाहिलंय, आणि मग ब्रेक लावायची जबाबदारी तुमची. म्हणून कसलेला नागपूरकर चौकात शिरताना थेट क्षितिजाकडे बघतो, जणू त्याला महाराजबागेतला वाघ हाक मारतोय.

घाटाचाही एक प्रश्न असतो : अरुंद चढावर कोणाला प्राधान्य? चढणाऱ्याला. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, तेव्हा हे उत्तर पाठच करावं लागेल. मानवरहित रेल्वे फाटकाचंही तसंच : गाडी थांबवायची, उतरून रुळांपर्यंत जायचं, दोन्हीकडे बघायचं, मग ओलांडायचं. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं २०१९ च्या जानेवारीतच संपवल्याचं रेल्वेने सांगितलं आहे. कायद्यात ती अजून आहेत, म्हणून अभ्यासात आहेत. शांतता क्षेत्र मात्र लक्षात ठेवा : रुग्णालयाभोवती १०० मीटर हॉर्न वाजवायचा नाही. दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीच्या नकाशावर असे गोल काढून बघा, हॉर्न वाजवायला एक गल्ली उरणार नाही. धंतोलीतून एकदा संध्याकाळी सहाला जाऊन या. आणि उत्तर लिहिताना ते विसरा.

सगळ्यात कठीण भाग पुढेच आहे, आणि त्याचा इशारा कुठल्याही पुस्तकात नाही. १४ जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार जोडून हा पेपर घरूनच देता येतो. गिरीपेठेतल्या आरटीओपर्यंत जायची गरज नाही. कॅमेऱ्यासमोर तुमचा एकट्याचा चेहरा दिसला पाहिजे. कॅमेऱ्याच्या मागे काय असावं? आपल्याकडे तिथे सगळं घर बसतं.

लॅपटॉप उघडायच्या आत काका हजर. काकांनी तीस वर्षं गाडी चालवली आहे, म्हणजे तुम्ही नापास व्हायची निम्मी तयारी झाली. पहिला प्रश्न येतो, उजवीकडून गाडी येत आहे, तुम्ही काय कराल? काका कुजबुजतात, "अबे, त्याला काहून जाऊ द्याचं? आपण आधी घुसाचं, तो थांबते बरोबर." वडील म्हणतात, हॉर्न दे. पर्यायांत 'हॉर्न वाजवून वेगाने पुढे जा' हे खरोखरच असतं, तेव्हा वडिलांना वाटतं पेपर काढणारा माणूस इथलाच, ओळखीचा निघेल. आई स्वयंपाकघरातून सांगते, "मी तर बाई थांबून घेते, सगळे गेले का मग जाते." तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण तिला गाडी चालवता येत नाही हे घरात सर्वमान्य आहे. उत्तर तिचं बरोबर असतं.

तेवढ्यात प्रश्न येतो, अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर दोषी कोण? खोलीत शांतता पसरते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर उत्तर असं आहे : पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. ही दुरुस्ती ज्या मंत्र्यांनी संसदेत मांडली ते आपल्याच शहराचे खासदार, नितीन गडकरी. म्हणजे वडिलांना बाहेरचा कायदा आहे असंही म्हणता येत नाही. सोळाव्या वर्षीही लायसन मिळतं, असं काका जोरात सांगतात. मिळतं, बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, पालकांच्या संमतीने. तुम्ही ट्यूशनला न्यायचात ती मोपेड ११० सीसीची होती. वडिलांना पाणी द्या आणि पुढच्या प्रश्नावर जा.

अशा वेळी घरात चौथीतली बहीण असेल तर तिला शेजारी बसवावंसं वाटेल. तिची शाळा तिला धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये घेऊन गेलेली असते. तिथे छोटे रस्ते, छोटे सिग्नल आणि एक छोटी आगगाडी आहे, आणि शहरात पोरं लाल दिव्याला थांबतात अशी तीच काय ती जागा. तिला सगळी चिन्हं येतात. पण पेपर तुमचा तुम्हीच द्यायचा असतो, कायदा तसाच आहे. तेव्हा आदल्या रात्री तिची शिकवणी लावा, आणि पेपराच्या वेळी काकांना तर्री पोहे आणायला पाठवा.

हेल्मेटचा प्रश्न हमखास येतो. चालवणारा आणि मागे बसलेला, दोघांनीही घालायचं, चार वर्षांवरच्या मुलालाही, आणि पट्टा नीट बांधून. हे शेवटचं वाचून अनेकांना धक्का बसतो. पट्टा असतो? आपलं हेल्मेट आजवर कोपरात, आरशावर किंवा टाकीवर सुरक्षित राहिलेलं आहे आणि त्याला साधा ओरखडाही नाही. उन्हाळ्यात तर डोक्याला दुपट्टा असा घट्ट गुंडाळलेला असतो की वर हेल्मेट मावत नाही, आणि ऊन तर खरंच आहे ना! २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात दर शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. पेपरात हा आकडा विचारत नाहीत.

अपघात झाला तर काय करावं, तेही विचारतात. जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा. मदत करणाऱ्याला त्रास होणार नाही, अशी तरतूदही कायद्यात आता आहे. तुमचा अनुभव मात्र सांगेल की आधी गाडी बाजूला घ्यायची, मग चुकी कोणाची ते ठरवायचं, मग ते ठरवायला जमलेल्या वीस जणांना सुरुवातीपासून सगळं पुन्हा सांगायचं, आणि तोवर दोघांनी शूटिंग सुरू केलेलं असतं. जखमी मधे बोलला तर त्याला "भाऊ, तुम्ही थांबा जरा" म्हणायचं. हा पर्याय यादीत नसतो.

पास व्हालच. लर्निंग सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा, आणि मागे फक्त लायसन असलेला, शिकवणारा माणूस बसवायचा, मित्र नाही. दोन मित्र तर नाहीच. 'एल' लावल्यावर लोक तुम्हाला नवशिके समजून सगळीकडून कट मारतील, हे सोसत नसेल तर तो कपाटाला लावा.

पक्क्या परीक्षेत मैदानात आठ मारायचा, म्हणजे गाडीने आठचा आकडा काढायचा असतो आणि तिथे हेल्मेट लागतंच. विकत घेऊ नका. रांगेत तुमच्या पुढे जो असेल त्याच्याकडे असतं, तेही त्याने पुढच्याकडून घेतलेलं. आठ मारून झाला की काढून मागच्याच्या हातात द्या, तो घाईत असतो. मे महिना असेल तर आतून रुमाल लावून घाला, सकाळपासून ते बऱ्याच डोक्यांवर फिरलेलं असतं.