चार लाडवांचा हिशेब

स. न. वि. वि.

कठोर सरावामुळे थांबणाऱ्या पाळीविषयीच्या माझ्या लेखावर आपण 'एक जुना धावपटू' या नावाने सविस्तर प्रतिक्रिया दिलीत आणि तिचा शेवट असा केलात : "ताई, वेळेवर चार लाडू जास्त खाल्ले असते, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती." स्वतःचे नाव झाकून दुसरीच्या ताटात डोकावण्याच्या या सवयीला काय म्हणावे, ते मी वाचकांवर सोडते.

आपण दाखवलेली एक चूक मात्र मान्य आहे. पाळीसाठी शरीरात किमान किती चरबी लागते, याविषयी अमेरिकी संशोधक रोझ फ्रिश यांनी 1974 साली केलेल्या मांडणीतला 17 टक्क्यांचा आकडा पहिल्या पाळीसाठीचा होता आणि नियमित पाळीसाठी त्यांनी 22 टक्के सांगितले होते. मी दोहोंची गल्लत केली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता लाडवांकडे वळू. एकोणिसाव्या वर्षी मी जिल्ह्याच्या संघातून धावत होते. वजन 48 किलो. दर सोमवारी आमचे प्रशिक्षक सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभे करत आणि आकडा मोठ्याने वाचत. त्यामुळे रविवारी रात्री मेसच्या तीन पोळ्यांपैकी दोन मी मैत्रिणीच्या ताटात सरकवत असे. पाळी थांबली, तेव्हा वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, "सुटलीस बाई!" मलाही तसेच वाटले. चौदा महिन्यांनी नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) निघाले, तेव्हा कुठे एका डॉक्टरबाईंनी पाळीची तारीख विचारली. मला ती आठवेना.

तेव्हाचा हिशेब मी नंतर मांडला. माझ्या शरीरात चरबी वगळता साधारण 41 किलो वजन होते. व्यायामाचा खर्च वजा जाता अशा प्रत्येक किलोमागे दिवसाला 30 कॅलरीसुद्धा उरल्या नाहीत, तर मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश विस्कळीत होऊ लागतात. माझ्यासाठी ती मर्यादा 1230 कॅलरींची होती. सोळा किलोमीटर धावण्यात पावणेआठशेच्या आसपास जात आणि दिवसभराचे खाणे जेमतेम सोळाशेचे, म्हणजे हाती उरत सव्वाआठशे. अमेरिकी संशोधक अ‍ॅन लाउक्स यांच्या 2003 सालच्या प्रयोगात हा बिघाड अवघ्या पाच दिवसांत दिसला होता आणि पाच दिवसांत कोणाची चरबी झडत नाही. म्हणूनच "चरबी वाढली की पाळी येते" हे आपले सूत्र अपुरे आहे. इंधन किती उरते, हा खरा प्रश्न आहे. खाणे वाढवायला हवे होते, हे मीही लेखात लिहिलेच होते. पण ज्या मुलीला घास घेताना सोमवारचा काटा दिसतो, तिला लाडू दाखवणे हा उपचार नसून चेष्टा आहे, आणि ती आपण केलीत. माझी पाळी परत यायला आठ महिने लागले : धावण्याआधी भाकरी, नंतर दूध, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती आणि तो काटा कायमचा बंद.

पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार), थायरॉईड आणि गर्भधारणा यांचा उल्लेख का नाही, असेही आपण विचारता. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जावे, असे लेखात स्पष्ट लिहिले आहे. त्यात हे सगळे आलेच. जरा शांतपणे वाचले असतेत, तर दिसले असते.

राहिला आपला प्रश्न, "आमच्या काळी मुली धावत नव्हत्या का?" धावत होत्या. त्यांची पाळी येत होती की नाही, हे त्या आपल्याला सांगायला आल्या असत्या, असे मात्र मला वाटत नाही.