सात किलोची उशी

मी ऑनलाइन उशा विकतो. विक्री जोरात आहे. नफ्याचं कुणी विचारलं की मी कापसाच्या प्रतीबद्दल बोलायला लागतो.

आमची उशी भरते ८०० ग्रॅम. पण कुरिअरवाले काट्याला विचारत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं; येतील तितक्या किलोंचं भाडं. आमचं खोकं ६० बाय ४० बाय १५. उत्तर ७.२ किलो! म्हणजे सहा किलोंहून जास्त हवा मी स्वखर्चाने गावोगाव पोचवतो. हवा काढून पाठवली, तर ‘चपटी निघाली’ म्हणून एकच स्टार मिळतो.

रिटर्न आला की तीच हवा परतीचं भाडं घेऊन येते. उशीत डोक्याचा खळगा स्पष्ट दिसतो. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘चुकून मागवली.’ चुकून इतकी गाढ झोप लागते?

कमिशनबद्दल तक्रार नाही, ते वेबसाइटवाले निदान सांगून कापतात. जाहिरातीचं तसं नाही. तिथे पैसे क्लिकला लागतात, मग उशी विकली जावो न जावो. माझे नातेवाईक रोज न चुकता, प्रेमाने माझ्या जाहिरातीवर क्लिक करतात. त्यांना आवरायचं कसं?

मग भाव आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर घेतलं. २०११ साली अशाच दोन विक्रेत्यांच्या सॉफ्टवेअरनी अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाचा भाव चढवत नेला होता. एक दुसऱ्याच्या किंचित खाली भाव ठेवायचा, दुसरा पहिल्याच्या सव्वापटीहून जास्त. भाव गेला २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर, टपालखर्च वेगळा. या टपालखर्चामुळेच ते दोघे मला जवळचे वाटतात.

उशांच्या धंद्यात मात्र सॉफ्टवेअरला फक्त उतरण ठाऊक. रात्री माझं आणि शेजारच्या विक्रेत्याचं सॉफ्टवेअर एकमेकांना खाली खेचत बसतात आणि सकाळी उठावं तर मी बाजारात सर्वांत स्वस्त! ऑर्डरींचा पाऊस. त्या आठवड्याच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे वेबसाइटने पाठवलेल्या हिशेबात, शेवटच्या आकड्याआधी एक आडवी रेघ होती. मला वाटलं, छपाईतला डाग असेल. पण फाइल स्क्रीनवर होती.

आता सुया विकाव्यात म्हणतो. खोकं लहान, हवा जवळपास नाहीच. या धंद्यात मुरलेल्या एका विक्रेत्याचा सल्ला घेतला, तर तो म्हणाला, “मी सुयाच विकायचो. ‘टोचते’ म्हणून परत यायच्या.”