गाडी उभी करण्याचे शास्त्र

बिघडलेले इंजिन दुरुस्त करणारे कारागीर कोल्हापुरात पावलोपावली भेटतात. सुधारलेल्या इंजिनाला मात्र कोणी हात लावत नाही. ‘आधी मूळचं होतं ते परत बसवा, मग घेऊन या,’ एवढाच सल्ला मिळतो आणि दुर्दैवाने तो शहाणपणाचा असतो. माझा मामेभाऊ आणि मी, आम्ही दोघांनी जुन्या मारुती एस्टीमच्या १२९८ सीसीच्या इंजिनात झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट घातला, हेडचे पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, घासून रुंद केले, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले आणि शिवाजी उद्यमनगरातून नवा एक्झॉस्ट वाकवून आणला. त्यानंतर गाडीच्या मूळ संगणकाने या इंजिनाशी ओळख दाखवण्याचेच बंद केले. म्हणून तो काढून आम्ही त्या जागी स्पीडुइनो बसवला. आर्डुइनो मेगाच्या बोर्डावर चालणारा हा संगणक कोणालाही जुळवता येतो आणि त्याला वाटेल ते शिकवता येते. अडचण एवढीच की त्याला स्वतःला काहीही येत नसते, आणि शिकवणाऱ्यालाही येत असतेच असे नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि ती आणावी अशी आमची इच्छाही नव्हती. टेम्पोवर चढवून कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, असा बेत होता. तोवर तिचा मुक्काम मामाच्या गुऱ्हाळाला लागून असलेल्या शेडमध्ये होता, आणि धावण्यासाठी तिला मामाच्याच मालकीचा, उसाच्या दोन फडांमधून जाणारा गाडीरस्ता होता. गुऱ्हाळात एका बाजूला काहिलीत रस उकळत असे आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. गुळव्या तात्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून गूळ उतरवण्याची वेळ ठरवत. आमच्याकडे लॅपटॉप, एक्झॉस्टवरून मिश्रण सांगणारा रुंदपट्टी ऑक्सिजन सेन्सर आणि ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट एवढी सामग्री असूनही आमचे काही उतरत नव्हते.

या संगणकाला शिकवायचे म्हणजे त्यातले तक्ते भरायचे. त्यांपैकी इंधनाचा तक्ता सोळा ओळींचा आणि सोळा रकान्यांचा, म्हणजे एकूण २५६ घरांचा असतो. आडव्या दिशेने इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, उभ्या दिशेने मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला दाब, आणि प्रत्येक घरात त्या क्षणी सिलिंडरमध्ये कितपत हवा भरते याचा आकडा. गाडी ज्या घरात असेल त्याचा आकडा सेन्सर पाहून दुरुस्त करायचा, एवढे हे सोपे काम आहे. फक्त गाडी एका घरात बसून राहत नाही. मी तीन हजार फेऱ्यांवर पाय स्थिर धरायचा आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या मामेभावाने आकडे बदलायचे, अशी वाटणी होती. ‘दादा, पाय हलवू नकोस,’ असे तो ओरडे, तेव्हा पाय मी नव्हे, रस्त्यातला खड्डा हलवत असे. तक्त्याची सर्वांत वरची, १०० किलोपास्कलची ओळ तर आमच्याकडून भरलीच गेली नाही, कारण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या आमच्या भागात वातावरणाचाच दाब ९५ च्या आसपास असतो आणि पॅडल तळाला टेकवले तरी काटा त्यापुढे सरकत नाही. ही एक ओळ भरण्यासाठी गाडी गोव्याला न्यावी, असा प्रस्ताव मामेभावाने मामापुढे अत्यंत गंभीरपणे मांडला. मामाने तो ऐकून घेतला आणि त्याला उसाची मोळी उचलायला पाठवले.

परंतु वेगात धावणाऱ्या गाडीने आम्हांला फारसे छळले नाही. भरपूर हवा, भरपूर पेट्रोल, थोडे सढळ मिश्रण, एवढ्यावर ती खूश असे. खरा छळ गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, कोणीही काहीही करत नसताना होत असे. सर्वसाधारण एस्टीम साडेआठशे फेऱ्यांवर कोणाच्या लक्षातही न येता उभी राहते. आमच्या कॅमशाफ्टमुळे मात्र हवा आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप बराच वेळ एकत्रच उघडी राहत असे. त्यामुळे जळालेला वायू उलट्या पावली परत येई, मॅनिफोल्डमध्ये पोकळी टिकत नसे, दाबाचा काटा थरथरत राही आणि त्या थरथरीवरून संगणक क्षणाक्षणाला पेट्रोलचा नवा हिशेब मांडी. फेरे अकराशेवर चढत, सातशेवर उतरत, पुन्हा चढत आणि अखेरीस एक मोठा उसासा टाकून इंजिन बंद पडे. वेगासाठी हाती घेतलेल्या या उद्योगात आमचा जवळजवळ सगळा हिवाळा गाडीने जागच्या जागी उभे राहावे यासाठी खर्ची पडला.

त्यात सेन्सरची साक्ष फसवी. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. मिश्रण फार दाट होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होऊन, एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी वाया गेली की तिथला न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो की मिश्रण पातळ आहे. त्याचे ऐकून पेट्रोल वाढवावे, तर आणखी ठिणग्या वाया जातात आणि तो आणखी ठामपणे तेच सांगतो. सरकारी समितीसमोरच्या साक्षीदारासारखा तो खोटे काही बोलत नाही. फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तात्यांनी दुरूनच कान दिला आणि म्हणाले, ‘पाव्हणं, तुमचं इंजान एका पायानं लंगडतंय.’ प्लग काढून पाहिले तेव्हा तिघे बदामी होते आणि चौथा काजळीने काळा. या एका यशानंतर तात्यांचा उत्साह अनावर झाला. टाकीत थोडे रॉकेल घालावे, सायलेन्सरला ओले पोते बांधावे, गाडी पूर्वेकडे तोंड करून लावावी, असे त्यांचे पुढचे सल्ले होते. गाडीचे तोंड तेवढे आम्ही फिरवले, कारण त्याने नुकसान होण्यासारखे काही नव्हते.

एकदाचे फेरे स्थिरावले आणि आम्ही चहाचे कप हातात घेतले, तोच रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि इंजिन बंद पडले. याचे कारण समजायला वेळ लागला, पण ते मोठे सुरेख आहे. पंखा विजेचा भार टाकतो, व्होल्टेज उतरते. व्होल्टेज उतरले की इंजेक्टरची सुई उघडायला अधिक वेळ घेते. मोठ्या इंजेक्टरला अशा वेळी उघडे राहायचे असते जेमतेम दोन मिलिसेकंद, आणि त्यांपैकी निम्मा वेळ नुसता उघडण्यातच जातो. मग पेट्रोल कमी पडते, फेरे घसरतात, फेरे घसरले की अल्टरनेटर मंदावतो, व्होल्टेज आणखी उतरते. यासाठी व्होल्टेजप्रमाणे भरपाई करणारा तक्ता असतो, आणि तो भरण्यासाठी हेडलाइट, वायपर व पंखा आळीपाळीने चालूबंद करत बसावे लागते. भर दुपारी, कोरड्या काचेवर वायपर फिरवत उभी असलेली गाडी पाहून रस प्यायला आलेली मंडळी काहीही न विचारता निघून जात.

थंड इंजिन सुरू करण्याचा तक्ता तर माणसाच्या सहनशक्तीचा अंत पाहतो. चूक असो वा बरोबर, इंजिन एकदा सुरू झाले की ते तापते, आणि तापलेल्या इंजिनावर थंडीचा आकडा तपासता येत नाही. म्हणजे पहाटे एक संधी. ती हुकली की दुसऱ्या पहाटेपर्यंत उसात बसायचे. त्या पहाटेच्या बॅकफायरने मामाच्या म्हशी एकदम उठून उभ्या राहत, आणि दुधावर जो परिणाम होई त्याचा हिशेब मामी मला न सांगता माझ्या आईला फोनवर सांगे.

ठिणगीच्या वेळेचा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ठिणगी गरजेपेक्षा अगोदर पडली तर भाराखाली इंजिन नॉकिंग करते, म्हणजे आतले मिश्रण अवेळी भडकून ठोके पडतात, आणि ते चालू राहिले तर पिस्टन वितळू शकतो. म्हणून आधी संगणकात वेळ दहा अंशांवर गोठवून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण जुळवली, आणि मग ते ठोके ऐकण्यासाठी तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून ब्लॉकला बोल्टने आवळली, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती कारखान्यात वापरतात तसल्या कर्णरक्षकात खोचली. बॉनेटमधून निघालेली नळी खिडकीवाटे कानात घेऊन मी गाडीत बसलो, तेव्हा गावातल्या पोरांनी माझे नाव डॉक्टर ठेवले. तात्यांनी मात्र नळी मागून घेतली, बराच वेळ डोळे मिटून ऐकले, आणि त्यानंतर आपल्या गुडघ्याच्या कुरकुरीबद्दल मला विचारले.

सगळे जमत आले असताना पेट्रोलचा प्रश्न निघाला. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला केवळ ९. पंपावरच्या वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आमची जुनी टिपणे सगळी १४.७ गृहीत धरून लिहिलेली असल्यामुळे वही बाजूला ठेवून लॅम्डाच्या, म्हणजे प्रत्यक्ष हवा आणि गरजेची हवा यांच्या गुणोत्तराच्या, भाषेत बोलणे भाग पडले, कारण तिथे इंधन कुठलेही असले तरी तंतोतंत जुळलेले मिश्रण म्हणजे एक. इथेनॉल उसापासूनही करतात, हे तात्यांना कळल्यावर त्यांनी टाकीकडे जरा रागानेच पाहिले. त्यांच्या मते तो ऊस काहिलीत यायला हवा होता.

गुऱ्हाळाचा हंगाम संपत आला तेव्हा गाडी थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होत होती, पंखा लागला तरी हजार फेऱ्यांवर उभी राहत होती आणि तिच्या छतावर ठेवलेला चहा सांडत नव्हता. मामाला बोलावून आम्ही हे सगळे दाखवले. त्याने खात्री करण्यासाठी चावी बंद केली, दहा मिनिटे शेतावर बोलून आला आणि पुन्हा चावी फिरवली. इंजिन सुरू झाले नाही. तापलेले इंजिन थोडा वेळ बंद राहिले की बॉनेटखालची हवा आणि तिचा सेन्सर दोन्ही भाजून निघतात, संगणक हवा विरळ झाली असे समजून पेट्रोल कापतो, आणि त्याच्यासाठी आणखी एक निराळा तक्ता भरावा लागतो. मामेभाऊ लॅपटॉप उघडू लागला. मामाने मात्र एवढेच विचारले की हे करायला कोइमतूरला जायची काय गरज आहे. बंद तर ती इथेही पडते.