‘एक पालक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर ‘एक पालक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहान मुलांना सांभाळायचं काम हे पाळणाघरात उमेदवारी करूनच अंगात मुरतं, नुसत्या वर्गात बसून नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपलं म्हणणं, आधी पूर्ण कोर्स, मग मूल. "न शिकलेल्या डॉक्टरच्या हाती तुम्ही स्वतःचं मूल द्याल का? मग आमची मुलं काय तुमच्या शिकाऊंच्या सरावासाठी आहेत?" पुढे शिकाऊ मुलींना पगार काय देता, त्यांना शिकवणाऱ्या ताईला वेळ कुठून मिळतो, आणि लळा लागल्यावर शिकाऊ निघून गेली तर त्या मुलाचं काय, असे प्रश्न. मध्येच, केंद्र चालवणाऱ्यांना स्वस्तात हात हवे असतात, असा एक टोमणा. आणि शेवटी, "ताई, लिहिण्याआधी जरा अभ्यास करा!!!"

आधी त्या तीन उद्गारचिन्हांबद्दल बोलू. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. याआधीही इथे कडक प्रतिक्रिया आल्या आहेत आणि मी एकही काढलेली नाही. पण ज्या बाईला आपण कधी भेटला नाहीत तिला, स्वतःचं नावही न सांगता, अभ्यास करायला सांगायचं हा कुठला शिष्टाचार? समोर बसून आपण असं बोलला असतात का? आपली प्रतिक्रिया मी रात्री वाचली आणि लॅपटॉप मिटून ठेवला. उत्तर सकाळी लिहायला घेतलं, म्हणजे निदान माझी भाषा तरी ठिकाणावर राहील.

एक गोष्ट मान्य करते. ‘आधी मूल, मग पुस्तक’ हे शीर्षक जरा भडक होतं. ते वाचून कुणी दचकलं असेल तर समजू शकते. पण शीर्षकाखाली लेखही होता.

आता तो डॉक्टर. हे उदाहरण आपल्याला बिनतोड वाटलं असणार. मला हसू आलं. डॉक्टर घडतो कुठे? वॉर्डात. एमबीबीएसचा विद्यार्थी शेवटची परीक्षा पास होण्याच्या कितीतरी आधीपासून पेशंटच्या खाटेशी उभा असतो. नाडी बघतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, सीनियर विचारतात, तो चुकतो, सगळ्यांसमोर बोलणी खातो. परीक्षा झाल्यावरही वर्षभर इंटर्नशिप करावी लागते, तेव्हा कुठे स्वतःची पाटी लावता येते. त्याने टोचलेली पहिली सुई कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या दंडात गेलेली असते. रबरी हातावर कितीही सराव करा, पहिला खरा दंड हा पहिलाच. फक्त त्या वेळी शेजारी कुणीतरी जाणतं उभं असतं आणि हात कधी धरायचा हे त्याला कळतं. मी लेखात याहून वेगळं काय म्हटलं होतं? ‘शेजारी जाणतं माणूस’ हे मी पुन्हा पुन्हा लिहिलंय. म्हणजे आपलंच उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतंय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

आणि ‘सरावासाठी’ म्हणजे काय हो? हे वाक्य मी विसरणार नाही. ते वाचून असं वाटतं की दारातून एक मुलगी आत येते, आम्ही तिच्या कडेवर तान्हं मूल देतो आणि ऑफिसात जाऊन बसतो. इंग्लंडमधल्या नर्सऱ्यांचं सध्याचं प्रमाण दोन वर्षांखालच्या 3 मुलांमागे एक मोठं माणूस आणि दोन वर्षांच्या 5 मुलांमागे एक, असं आहे. मी तो चांगला मापदंड मानते. शिकाऊ मुलगी त्या ‘एका’त धरायची नाही. ती जादा. ती मुलासोबत खोलीत एकटी नसते, एकटीने डायपर बदलत नाही, मुलं झोपली असताना त्यांच्यावरची नजर तिच्या भरवशावर सोडलेली नसते. तिकडच्या नियमांत शिकाऊ मुलीलाही अटी घालून गणतीत धरायची मुभा आहे. ते मला पटत नाही, हेसुद्धा मी लेखात लिहिलं होतं. म्हणजे या बाबतीत मी आपल्याच बाजूची. पण आपल्याला भांडायचंच होतं.

काही गोष्टी मुलाजवळ जाण्याआधीच यायला हव्यात, त्या करून बघून शिकायच्या नसतात, हा तर लेखाचा अख्खा तिसरा परिच्छेद आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला खोकताही येईना, रडताही येईना, तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब. पोट दाबायचं नाही. जे दिसत नाही ते बोट घालून चाचपायचं नाही. झोपवायचं ते उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आसपास उशी नको, दुलई नको, मऊ खेळणी नकोत. हे सगळं बाहुलीवर शिकवायचं, परीक्षा घ्यायची, आणि जिला जमलं नाही तिने आत यायचं नाही. मी हे सांगत होते तेव्हा आपण बहुधा प्रतिक्रिया टाइप करायला लागला होतात.

उरलेलं मात्र वर्गात येत नाही, आणि तिथेच आपलं पटत नाही. डायपर बदलण्याची कृती कुठल्याही पुस्तकात मिळेल. सामान आधी हाताशी ठेवा, एक हात सतत बाळावर असू द्या, पुढून मागे पुसा, नंतर हात धुवा. सगळं बरोबर. पण नऊ-दहा महिन्यांचं मूल टेप सुटल्याचा आवाज ऐकताच पालथं होतं आणि रांगायला लागतं, आणि त्याच्याबरोबर जे काय असेल तेही निघतं. नवी मुलगी घाबरून त्याला दोन्ही हातांनी दाबून धरते. ते भोकाड पसरतं. तिचे हात कापायला लागतात. जुनी ताई दाबत नाही. टेपला हात लावण्याआधी ती त्याच्या हातात वाइप्सचं बंद पाकीट देते, नाव घेऊन ‘आता पाय वर’ म्हणते आणि किंचित थांबते. मूल पाय वर करतं. दर वेळी नाही, पण बरेचदा करतं. हे किंचित थांबणं कुठल्या प्रश्नपत्रिकेत विचारतात? ते शेजारी उभं राहून बघावं लागतं, मग आपल्या हातून फसावं लागतं, मग कधीतरी जमतं.

चावण्याचंही तसंच. एक ते तीन वर्षांच्या मुलांत कुणी ना कुणी चावतं, त्यात आकाश कोसळण्यासारखं काही नसतं. (चावा बसलेल्या मुलाच्या आईला तसं सांगून बघा, ती वेगळी परीक्षा.) शिकाऊ मुलगी धावते ती चावणाऱ्याकडे, त्याला रागवायला. जाणती ताई आधी ज्याला चावा बसला त्याला जवळ घेते, चावणाऱ्याला दोन शब्दांत थांबवते, आणि मग गुपचूप विचार करते की आधी काय घडलं. आमच्याकडे अशा प्रसंगांची नोंदवही असते. एका शिकाऊ मुलीने तीत एका ओळीत सगळं उरकलं होतं, की काही कारण नसताना अमका तमकीला चावला. मी वही परत दिली, आधीचं आठवून लिही म्हटलं. ती हिरमुसली, कोपऱ्यात बसून राहिली, मग लिहायला लागली. जेवणाआधीची वेळ होती. ढकलगाडी एकच आणि तिच्याभोवती तिघं. हा सकाळपासून मूठ तोंडात घालत होता, दाढा येत असाव्यात. आणि खाली, वेगळ्या ओळीवर, ‘मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून चित्रं चिकटवत होते.’ हे तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर मी तिला मुलांकडे पाठ करून उभी राहिलेली बघितली नाही. तुमच्या कोर्सच्या कुठल्या युनिटमध्ये हे आहे ते सांगा, मी प्रवेश घेते.

(‘आपण’ लिहायचा कंटाळा आला. यापुढे ‘तुम्ही’.)

अभ्यास करा म्हणालात, तर थोडा करूनच टाकू. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी पहिलं बालमंदिर सुरू केलं, तेव्हा मुलांजवळ बसवलेल्या बाईने शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, आणि मॉन्टेसरींना त्याची अडचण वाटली नाही. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम उभं केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. त्यांच्या सोबतीने राबलेल्या अनुताई वाघ मुळात शाळेतल्या शिक्षिका. बालशिक्षण त्यांच्यात मुरलं ते ताराबाईंबरोबर काम करता करता. आणि जुनं नको असेल तर 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घ्या. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, आणि तेही चालू कामात कमीत कमी खंड पडेल अशा बेताने. सेविका शिकून येईपर्यंत अंगणवाड्यांना कुलूप लावा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. यातही कोर्स आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहेच. कोर्स नको असं मी कधी म्हटलं? दोन्ही बरोबरीने चालावं म्हटलं.

स्वस्तात हात हवे असतात म्हणालात म्हणून आता माझ्याबद्दलही सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. मी बारावीनंतर एका पाळणाघरात मदतनीस म्हणून लागले. प्रमाणपत्र नाही, अनुभव नाही, घरात लहान भावंडं सांभाळलेली, बस्स. तिथल्या एका मावशींनी मला पहिल्या दिवशी जमिनीवर बसवलं आणि उठू दिलं नाही. म्हणाल्या, तू मुलांकडे जाऊ नकोस, त्यांना तुझ्याकडे येऊ दे. मी बसून राहिले. एक मुलगी सकाळभर दुरून माझ्याकडे बघून ओठ काढत होती. दुपारी ती सरकत सरकत आली, माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि लगेच सोडलं. पुढे नोकरी करता करता डिप्लोमा केला. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलं अनोळखी माणसाला बुजतात, आई दिसेनाशी झाली की आकांत करतात, हा धडा वर्गात आला तेव्हा बाकीच्यांनी तो पाठ केला. मला त्यात त्या मुलीचे काढलेले ओठ दिसत होते. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी पहिल्या श्रेणीत पास झाली, आणि पहिल्याच नोकरीत मुलाने अंगावर उलटी केल्यावर आठवड्यात काम सोडून गेली. तिला नावं ठेवत नाही. तिने ते आधी कधी बघितलंच नव्हतं, आणि बघायला कुणी नेलंही नव्हतं.

इतकी वर्षं हेच करतेय. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज ठिकठिकाणी जबाबदारीने खोल्या सांभाळतात, आणि एकाही पालकाने शिकाऊ मुलीमुळे मूल काढून नेलेलं नाही. हा काही पुरावा नव्हे, असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

राहिले तुमचे बाकीचे प्रश्न. पगार आणि शिकवणाऱ्या ताईचा वेळ हे व्यवस्थापनाचे विषय, त्याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं, आणि लेख त्यावर नव्हताच. शिकाऊ निघून गेल्यावर लळा लागलेल्या मुलाचं काय, तर मुलं सावरतात. शिवाय कोर्स करून आलेल्याही नोकरी सोडतातच.

शीर्षक आज सकाळी बदललं आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तिथेच राहील. पुन्हा लिहायचं असेल तर नावानिशी लिहा, मी उत्तर देईन. खाली दोघांनी ‘बाकी जाऊ दे, पण पगाराचा आणि ताईच्या वेळेचा मुद्दा बरोबर आहे’ असं लिहिलंय. त्यांनीही हेच उत्तर समजावं.