‘यूएसएमएलई नको, दोन वर्षांत अमेरिकेत डॉक्टर’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यात सांगलीहून भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. ती बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेसेज असा : ‘अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट बना. दोन वर्षांत डॉक्टर! बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, एमबीबीएस सर्वांना थेट रजिस्ट्रेशन. यूएसएमएलई नाही, परीक्षा नाही. पगार वर्षाला एक कोटी.’ (यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा.) खाली एजंटचा नंबर आणि नोंदणीची रक्कम. त्याखाली तिने लिहिलं होतं, ‘मावशी, तू हेच करतेस ना? मग खरंच असेल.’

हो, मी हेच करते. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए आहे. हाच मेसेज नंतर आमच्या मंडळाच्या ग्रुपवरही आला, म्हणून एकेक वाक्य घेऊन इथेच उत्तर देते.

‘दोन वर्षांत डॉक्टर.’ पीए डॉक्टर नसतो, हे आधी सांगते. मध्यंतरी रात्रपाळीला साताऱ्याच्या एक आजी आल्या होत्या, एडिसनला मुलाकडे राहायला आलेल्या. ‘छातीत काही दुखत नाही गं, नुसतं जड वाटतंय,’ म्हणाल्या. आपल्या बायका दुखण्याला दुखणं म्हणत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे मी दहा मिनिटांत ईसीजी काढला आणि तो कागद हातात घेऊनच वरिष्ठ डॉक्टरांकडे गेले. आजींना सांगितलं, मी पीए आहे, डॉक्टरही तुम्हाला बघतील. त्या शेवटपर्यंत ‘डॉक्टरीणबाई’च म्हणत राहिल्या, आणि मी दर वेळी दुरुस्त करत राहिले. पेशंट तपासणं, तपासण्या लिहून देणं, टाके घालणं, औषध लिहिणं हे सगळं मी करते. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पीए औषध लिहून देऊ शकतात. पण आम्ही डॉक्टरांच्या टीममध्ये काम करतो, आणि कुठपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर, कुठून पुढे देखरेखीखाली, हे राज्याचा कायदा आणि हॉस्पिटल ठरवतं.

‘दोन वर्षं’ हाही अर्धा हिशेब आहे. साधारण कोर्स २७ महिन्यांचा असतो, पण तो मास्टर्सचा. त्याआधी पदवी लागते, आणि अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स असे विषय चांगल्या मार्कांनी झालेले लागतात. बऱ्याच कॉलेजांना पेशंटसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे तासही हवे असतात, कुठे पाचशे, कुठे दोन हजार. मी पुण्याहून बीएस्सी करून आले होते. तरी इथल्या कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटॉमी नव्याने केली, दोन वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीची मदत देणारी कर्मचारी, म्हणून काम केलं, आणि पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आल्यावर दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. मग पहिलं वर्ष वर्गात. टाके घालायला शिकलो ते डुकराच्या पायावर. दुसरं वर्ष वॉर्डात : मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन, इमर्जन्सी. वॉर्डातले तास दोन हजारांच्या घरात जातात. माझ्या दोन वर्षांना प्रत्यक्षात सहा लागली.

‘बीएएमएस, बीडीएस, एमबीबीएसला थेट रजिस्ट्रेशन.’ पैसे घेतले जातात ते याच वाक्यावर, आणि ते साफ खोटं आहे. पीएच्या परवान्यासाठी पॅन्स नावाची राष्ट्रीय परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेला बसायचं तर एआरसी-पीए या संस्थेने मान्यता दिलेल्या कोर्समधूनच पदवी घ्यावी लागते, आणि असे कोर्स फक्त अमेरिकेतच आहेत. इथे पदवीची अदलाबदल होत नाही. मुंबईत वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या एमडी डॉक्टरलाही पीए व्हायचं असेल तर पहिल्या दिवसापासून सुरुवात. एमबीबीएसवाल्यांना निदान यूएसएमएलई आणि रेसिडेन्सीचा, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाचा, वेगळा रस्ता तरी आहे. बीएएमएसवाल्यांना तो नाही. म्हणूनच हे मेसेज नेमके त्यांच्याच ग्रुपवर फिरतात, आणि मला याचाच जास्त राग येतो. साडेपाच वर्षं घासलेल्या मुलांना दार कुठे आहे हे न सांगता भिंतीकडे बोट दाखवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे.

एका फॉरवर्डमध्ये पुढे असंही होतं, ‘भारतात बीएस्सी पीए करा, तिकडे चालतं.’ चालत नाही. भारतात हा कोर्स १९९२ साली चेन्नईत, हृदयशस्त्रक्रियेच्या क्षेत्रात सुरू झाला. २०२१च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीतही तो आहे. हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत रात्र जागवणारी ही मुलं फार जबाबदारीचं काम करतात. तो कोर्स जरूर करावा, पण भारतातल्या कामासाठी. त्यावर पॅन्सला बसता येत नाही.

‘परीक्षा नाही.’ पॅन्सला तीनशे प्रश्न असतात, पाच तासांत. पुढे दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा मूल्यमापन.

पगाराचं मात्र खरं आहे. २०२३च्या सरकारी आकड्यांनुसार मध्यम पगार वर्षाला १,३०,०२० डॉलर, म्हणजे टॅक्स कापण्याआधी कोटीच्या पुढे. पण कोर्सची फीच अनेक ठिकाणी लाख डॉलरच्या आसपास जाते, आणि भारतातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला इथलं सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. शिवाय शिकून झाल्यावर नोकरीसाठी व्हिसा लागतोच, तो कोर्ससोबत येत नाही.

शेवटचं एक. अशाच एका फॉरवर्डमध्ये ‘डॉक्टरांचा शॉर्टकट’ असा शब्द आहे. हा पेशा कोणाचा शॉर्टकट म्हणून जन्मला नाही. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार कॉर्प्समनना (नौदलातल्या वैद्यकीय सहायकांना) घेऊन पहिला वर्ग सुरू केला. युद्धनौकांवर ज्यांनी जखमी माणसं सांभाळली होती, त्यांच्या हाताला गावात किंमत नव्हती, आणि गावात डॉक्टर कमी होते. १९६७ साली त्यातले तिघे बाहेर पडले. माझ्या कामाचं मूळ तिथे आहे, म्हणून तो शब्द मनाला लागतो.

भाचीला मी एकच सांगितलं : एजंटला कोर्सचं नाव विचार आणि एआरसी-पीएच्या वेबसाइटवरच्या यादीत शोध. त्याने नाव पाठवलं, सहा महिन्यांचा ऑनलाइन ‘सर्टिफिकेट प्रोग्राम’. यादीत नव्हता. पैसे वाचले. परवा तिचा फोन आला. ‘मावशी, अ‍ॅनाटॉमी मी एकदा केलीये. परत करावी लागेल?’

म्हटलं, बहुतेक हो. पण आधी हव्या त्या पाच कॉलेजांची नावं काढ, प्रत्येकाला परदेशातले विषय चालतात का ते ईमेलने विचार, आणि उत्तर आलं की मला पाठव.